शब्दचर्चा : पियानोवादकाची 'गायकी' आणि तबकडीची 'खरखर'

रत्नागिरीत आम्ही काही जण अधूनमधून जमून पाश्चात्त्य अभिजात पियानो ऐकतो. ऐकणं झालं की बोलणं होतं आणि ते दर वेळी दोन शब्दांपाशी अडतं : 'इंटरप्रिटेशन' आणि 'रेकॉर्डिंग क्वालिटी'. दोन्हींना मराठी शब्द सापडतात, पण नेमके बसत नाहीत. म्हणून हा धागा.

'इंटरप्रिटेशन'साठी परीक्षणांत बहुधा 'सादरीकरण' लिहितात. सादरीकरण म्हणजे लोकांपुढे मांडणं. वादकानं काय निवडलं, काय सोडलं, ते त्यात येत नाही. 'अन्वयार्थ' कवितेला किंवा कायद्याच्या कलमाला शोभतो. 'आविष्कार' चांगला शब्द होता, पण सगळीकडे वापरून सैल झालाय.

मला वाटतं, शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहे, तोही जोडीनं : 'नायकी' आणि 'गायकी'. गुरूकडून बंदिश जशी मिळाली तशी चोख मांडणं ही नायकी. तीच बंदिश आपल्या गळ्यातून, आपल्या विचारानं उभी करणं ही गायकी. पियानोवादकाच्या पुढ्यात छापील स्वरलिपी असते. ती बरहुकूम वाजवणं ही त्याची नायकी, आणि तिच्यात जीव ओतणं ही गायकी, भले तो तोंडानं एक सूर गात नसेल. (कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड तर वाजवताना चक्क गुणगुणायचा आणि ते तबकडीत ऐकूही येतं.)

गूल्डचंच उदाहरण घ्या. बाख या जर्मन संगीतकाराचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' १७४१ मध्ये छापलं गेलं : एक आरिया (छोटी संथ धून), तिची तीस रूपं, शेवटी पुन्हा आरिया. गूल्डनं ते १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि १९८१ मध्ये पुन्हा. पहिलं सुमारे ३८ मिनिटांचं, दुसरं ५१. यातला काही फरक आवर्तनांचा आहे. दुसऱ्या वेळी त्यानं काही भागांची पुनरावृत्ती घेतली. म्हणून तुलना सुरुवातीच्या आरियेची करावी, कारण पुनरावृत्ती दोन्हींकडे नाही. १९५५ ची आरिया दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ ची तीन मिनिटांच्या वर जाते. सूर तेच, क्रम तोच, माणूसही तोच. पहिलीत तो पुढचं ऐकवायला उतावीळ आहे. दुसरीत प्रत्येक सुरापाशी थांबून मगच पाऊल टाकतो. या फरकाला 'वेगळं सादरीकरण' म्हणणं मला फार तोकडं वाटतं.

आता दुसरा शब्द. 'आवाज खराब आहे' एवढ्या एका वाक्यात आपण तीन गोष्टी कोंबतो. मूळ ध्वनिमुद्रण कसं झालं, हातातली प्रत किती घासलेली आहे, आणि ती आजच्या यंत्रावर उतरवून घेणाऱ्यानं तिचं काय केलं. खरं तर नाद ओळखायला मराठी किती श्रीमंत आहे! जुन्या तबकडीची 'खरखर', धूळ बसलेल्या एलपीची 'चटचट', टेपचा 'सूं', विजेच्या तारेचा 'घूं'. प्रत्येकाचं कारण वेगळं, उपायही वेगळा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असे. सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते तीच लाख. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळत. त्या पुडीवरून पोलादी सुई जाताना जी घासते, तीच खरखर. तबकडी कोरी असली तरी ती ऐकू येणारच.

मंडळी, तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद (कुडाळहून)

'गायकी'ला माझी हरकत आहे. गायकी म्हटलं की आधी घराणं आठवतं, एकटा माणूस नव्हे. दुसरं, गायकीत उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेली भर, असते. पियानोवाल्याला एक सूर बदलायची मुभा नाही, मग उपज कुठली? खरी मोकळीक बघायची तर आमच्या दशावतारात बघा. लिहिलेली संहिताच नसते. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, बाकी रंगमंचावर उभं राहून ज्यानं त्यानं बोलायचं. गोष्ट तीच, पण बोलणां ज्याचां त्याचां. पियानोसाठी 'ढंग' पुरे.

धागा सुरू करणारा

घराण्याचा मुद्दा अर्धा मान्य. आपण 'किराणा गायकी' म्हणतो तसंच 'भीमसेनजींची गायकी'ही म्हणतोच की. एकट्या माणसाला तो शब्द आधीपासून चालतो.

उपजेबद्दल मात्र थोडं सविस्तर. सूर बदलत नाही हे खरं, पण सूर सोडून उरलेलं जवळजवळ सगळं वादकाच्या हाती असतं : लय, बोटांचं वजन, पेडल कधी दाबायचं, चार ओळी एकत्र चालत असताना कुठली वर आणायची. शोपँ या पियानोच्या संगीतकाराचे शिष्य सांगत, की तो डावा हात लयीत पक्का ठेवायला लावायचा आणि उजव्याला मोकळं सोडायचा. याला ते 'रुबाटो' म्हणतात. तबल्याचा ठेका सरळ चाललेला असतो आणि गाणारा मागेपुढे होत समेवर येतो, हे ज्यानं ऐकलंय त्याला वेगळं समजावायला नको. 'ढंग' बाहेरून दिसतो. मी म्हणतोय ते आतून येतं. आणि ही मोकळीक किती पेटू शकते बघा : १९६२ मध्ये न्यूयॉर्कला ब्राम्स या संगीतकाराच्या पहिल्या पियानो कन्चेर्टोआधी (पियानो आणि वाद्यवृंद यांची एकत्र रचना) वाद्यवृंद चालवणाऱ्या लिओनार्ड बर्नस्टाइननं श्रोत्यांना उघड सांगितलं, की गूल्डची ही मांडणी मला पटलेली नाही. आणि मग त्याच मांडणीला साथ दिली.

प्रतिसाद (अलिबागहून)

मी खराब आवाजाबद्दल लिहितो. समुद्राकाठच्या दमट हवेत टेपांचं काय होतं ते आम्हाला विचारा. पावसाळ्यात रिळावर पांढरी बुरशी धरते आणि फीत अडखळत फिरते. गाण्याच्या टेपेत ते पटकन कळत नाही, कारण गळ्यात कंप असतोच. पियानोचा सूर एकदा उमटला की जागचा हलत नाही, म्हणून टेपेचा वेग तसूभर जरी डुलला तरी कानाला खुपतं. याला आमच्याकडे 'सूर हलतोय' म्हणतात. तुमच्या यादीत हे घ्या.

विचारायचं होतं ते असं, की 'रीमास्टर्ड'ला, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण साफसूफ करून नव्यानं काढलेल्या प्रतीला, काय म्हणावं? 'पुनर्मुद्रण' चालेल का?

धागा सुरू करणारा

'सूर हलणे' घेतलाच. चपखल आहे.

'पुनर्मुद्रण' नको. वाचणाऱ्याला वाटेल वादकानं पुन्हा वाजवलं. 'साफ केलेली प्रत' म्हणावं, कारण साफ करताना काय गेलं हा प्रश्न त्यातच येतो. सतारिये आघातानंतर मागे रेंगाळणाऱ्या नादाला 'आस' म्हणतात. पियानोत हातोडी तारेवर आपटते त्या क्षणापासून नाद विरतच जातो; पियानोचं सगळं गाणं त्या आसेवर उभं असतं. खरखर आणि विरत आलेली आस यांची पातळी जवळजवळ सारखी असते. खरखर पार पुसायला गेलं की आसही पुसली जाते, आणि मग सूर ठोकल्यासारखे सुटे सुटे वाजतात. अशा प्रतीबद्दल 'आवाज स्वच्छ आहे' म्हणू नये, 'आस तुटली आहे' म्हणावं. खरखरीतून गायकी ऐकू येते. आस तुटली की मात्र येत नाही. हे मी ठामपणे सांगेन.

आर्तुर श्नाबेल या पियानोवादकानं १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हेनचे पियानोसाठीचे बत्तीसही सोनाटा (अनेक भागांच्या रचना) ध्वनिमुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूला चारेक मिनिटंच मावत, आणि टेपसारखं कापून जोडायची सोय नव्हती, म्हणून त्याचे चुकलेले सूर तसेच राहिले. या संचाच्या वेगवेगळ्या हातांनी साफ केलेल्या प्रती मिळतात. दोन मिळवा आणि त्यातल्या शेवटच्या सोनाट्याचा, म्हणजे ओपस १११ चा, दुसरा भाग दोन्हींवर लावा. उत्तरार्धात उजवा हात फार वरच्या पट्टीत लांबच लांब कंप (शेजारचे दोन सूर भराभर आलटूनपालटून) धरतो, तिथं कान द्या. खरखरीच्या प्रतीत ते कंप अखंड धागा धरून येतात का आणि साफ प्रतीत टिकटिक होते का, ते इथं लिहा. कुडाळकरांनी तर नक्कीच. 'ढंग' की 'गायकी' ते त्यानंतर ठरवू.