‘तिने मुलीला पाहिले’: क्रियापद नपुंसकलिंगी का?

प्रश्न: ‘तिने मुलगी पाहिली’, पण ‘तिने मुलीला पाहिले’. कर्म तेच, लिंगही तेच. मग ‘ला’ लागताच क्रियापद का बदलते?

उत्तर १: क्रियापद जुळते ते प्रथमेतल्या, म्हणजे प्रत्यय न लागलेल्या, नामाशी. इथे कर्त्याला ‘ने’, कर्माला ‘ला’. जुळवून घ्यायला कोणी उरलेच नाही. म्हणून नपुंसकलिंगी एकवचन, म्हणजे भावे प्रयोग. खरी गंमत ‘ला’ मध्ये आहे. तो अर्थावरून येतो: सजीव, निश्चित कर्म त्याला ओढून घेते. ‘तिने पुस्तकाला वाचले’ कानाला खटकते ते त्यामुळेच.

उत्तर २: ‘ने’ दिसतोच असे नाही, हे लक्षात ठेवा. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ घ्या. ‘तू’ ला प्रत्यय नाही, तरी ‘ली’ कर्माप्रमाणे आणि शेवटचा ‘स’ कर्त्याप्रमाणे! वर्तमानकाळात मात्र ‘तू चिठ्ठी लिहितोस’, सगळे कर्त्याकडे. धातूही (क्रियापदाचे मूळ) आडवा येतो, क्रियापद कर्त्याशीच जुळते: शिकणे, विसरणे सकर्मक असूनही ‘ती धडा शिकली’, ‘तो वही विसरला’.

उत्तर ३: ‘ला’ सारखा प्रत्यय लागताना नामही बदलते; त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. अर्थ आणि सामान्यरूपाचे नाते ‘वेळ’ मध्ये बघा. कालावधी असेल तर पुल्लिंगी, ‘थोड्या वेळाने’. नेमका क्षण असेल तर स्त्रीलिंगी, ‘ठरलेल्या वेळेला’. ध्वनीच्या पातळीवर, आतला स्वर बदलेल का ते शब्दाचे मूळ आणि लांबी ठरवतात: फूल–फुलाला, कापूस–कापसाला, पण तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) दूत–दूताला.

प्रश्नकर्ता: म्हणजे ‘त्याने मुलांना बोलावले’ मध्येही एकवचनच?

उत्तर १: हो, ‘मुले बोलावली’ मधले अनेकवचनी ‘बोलावली’ नाही.