मदत हवी आहे: पोस्टग्रेस (डेटाबेस) बसवलं, पण दुसऱ्या मशीनवरची वेब सर्व्हिस जोडल्या जात नाही

बर्डीकर:
कळमन्यातल्या एका संत्रा अडत्याच्या हिशेबाचं काम आहे. दोन मशीन, दोन्हींवर उबुंटू २४.०४. डेटाबेस १९२.१६८.१.२० वर, वेब सर्व्हिस १९२.१६८.१.१० वर. अ‍ॅप्टनं पोस्टग्रेस १६ बसवलं. त्याच मशीनवर पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड लाइन) उघडतं, वेब मशीनवरून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येऊन राहिलं. लिसन अ‍ॅड्रेसेसमध्ये (सर्व्हरनं कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ती सेटिंग) तारा, म्हणजे * (सगळे पत्ते), टाकला, रीलोड केलं, स्टेटस हिरवं दिसते. फायरवॉल बंद आहे. मग काहून?

पारडीवाला:
भाऊ, ही सेटिंग रीलोडनं लागतच नाही, रीस्टार्ट करावा लागतो. लॉगमध्ये तसं लिहिलेलंही सापडेल. आणि त्या हिरव्या रंगावर जाऊ नका. उबुंटूवर 'पोस्टग्रेसक्यूएल' ही सर्व्हिस नुसती छत्री आहे, खरा सर्व्हर 'पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन' या नावानं चालतो. रीस्टार्टनंतर 'एसएस -एलटीएन' चालवा, कोणत्या पत्त्या-पोर्टवर कुणी ऐकतंय ते दिसते; पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२. १२७.०.०.१:५४३२ दिसलं तर सर्व्हर अजून घरातल्या घरातच ऐकतोय, ०.०.०.०:५४३२ दिसायला हवं. ओळीपुढचा हॅश (#, ओळ बंद ठेवणारी खूण) काढलाय ना, तेही पाहून घ्या.

बर्डीकर:
हॅश काढलेला होता, रीस्टार्टच राहिला होता. आता 'नो पीजी एचबीए एंट्री फॉर होस्ट' म्हणते.

पारडीवाला:
म्हणजे एक दार उघडलं. 'रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पोर्टवर कुणी ऐकतच नव्हतं. फायरवॉल पॅकेट गिळत असता तर बराच वेळ थांबून टाइमआउट आला असता. आताचा एरर खुद्द पोस्टग्रेस देतंय. पीजी एचबीए फाइलमध्ये (कुणाला कुठून जोडू द्यायचं ते ठरवणारी फाइल) ही ओळ टाका; मंडी हा डेटाबेस, वेबअॅप हा युजर, शेवटी पासवर्ड तपासायची पद्धत:

होस्ट मंडी वेबअ‍ॅप १९२.१६८.१.१०/३२ स्क्रॅम-शा-२५६

इथे मात्र रीलोड पुरतो. फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिलीच ओळ लागू होते, त्यामुळे वर एखादी 'रिजेक्ट' असेल तर खालची वाया. कुणी 'ट्रस्ट' टाकायला सांगेल, टाकू नका. पासवर्डच विचारला जाणार नाही.

यानंतर टेबल बनवताना 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' येईल. आवृत्ती १५ पासून साध्या युजरला पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या मूळ कप्प्यात) टेबल बनवता येत नाही. 'अल्टर डेटाबेस मंडी ओनर टू वेबअ‍ॅप' केलं की सुटतं.

धरमपेठ_डीबीए:
ताऱ्याऐवजी थेट 'लोकलहोस्ट, १९२.१६८.१.२०' लिहायचा मोह होतो, पण आपल्याकडे लाईट जाऊन आली की राउटर उठायच्या आधी मशीन उठते. डीएचसीपीचा (राउटरनं वाटायचा) पत्ता अजून मिळालेला नसतो, पोस्टग्रेस तेवढ्यात लोकलहोस्ट धरून सुरू होतं आणि सकाळी पुन्हा 'रिफ्यूज्ड'. पत्ता स्थिर करा, तारा राहू द्या, आणि यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू करून ५४३२ फक्त वेब मशीनला उघडा. त्याआधी एसएसएचला (दुरून लॉगिन करायची सोय) परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

वेब सर्व्हिसचे वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) किती, पूल (प्रत्येकाची डेटाबेस कनेक्शनं) किती?

बर्डीकर:
वर्कर ८, प्रत्येकाचा पूल १५.

धरमपेठ_डीबीए:
८ गुणिले १५ म्हणजे १२०. पोस्टग्रेसची कनेक्शनांची मूळ मर्यादा १००, त्यातल्या ३ जागा सुपरयुजरसाठी राखीव. लिलावाच्या वेळी गर्दी झाली की जागा संपून नवी कनेक्शनं नाकारली जाणं ठरलेलं. मर्यादा वाढवत बसू नका, प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस. पूल ५ वर आणा, ४० कनेक्शनांत भागेल. बॅकअपलाही जागा उरेल.

बर्डीकर:
जोडलं. स्कीमाचा एरर अगदी तसाच आला होता, ओनर बदलल्यावर गेला. पूल ५ केला.