शॉर्टस्टॉपला आधी हात बघा, मग बॅट

बेसबॉलमध्ये सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा राहणारा फिल्डर म्हणजे शॉर्टस्टॉप. काहीजण म्हणतात की २३० च्या सरासरीचा (म्हणजे हजारात २३० हिट, कमजोर बॅटिंगचा) शॉर्टस्टॉप नकोच, बॅटिंगवाला घ्या आणि फिल्डिंग शिकवा, हे मला अजिबात पटत नाही. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे, त्यामुळे ग्राउंडर (जमिनीवरून येणारे फटके) जास्त करून शॉर्टस्टॉपकडेच येतात, आणि उजवीकडे पळत जाऊन बॉल उचलून तिथून फर्स्ट बेसपर्यंत लांब थ्रो मारायचा, रनर जेमतेम चार-साडेचार सेकंदात पोचतो, यात अर्धा सेकंद घोळ झाला की संपलं. हे शिकवून येतं का हो?

अमेरिकेतला शॉर्टस्टॉप ऑझी स्मिथ बघा, १९ सीझनमध्ये फक्त २८ होमरन, पण सलग १३ गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं बक्षीस), २००२ मध्ये पहिल्याच फटक्यात हॉल ऑफ फेम.

क्रिकेटमध्येही तेच, आपल्या गहुंज्याला २०१९ च्या आफ्रिका टेस्टला विकेटकीपर साहाने लेग साइडला डाइव्ह मारून घेतलेला कॅच आठवा. तेव्हा इंग्लंड-ऑस्ट्रेलियात शतकं मारलेला पंत बाहेर होता.

हां, २०० च्याही खाली मारणारा असेल तर मीपण विचार करीन. पण पिचर (बॉल टाकणारे) ग्राउंडर काढणारे असतील तर चांगल्या हाताचा फिल्डरच घ्या, दुसरा बॅटर लेफ्ट फिल्डला शोधा ना.