मदत हवी आहे : विमानाचं दार बंद झालं की सुरू होणारी भीती, आणि क्रूला नेमकं काय सांगायचं?

पाय_जमिनीवर

तीन आठवड्यांनी साडेचार तासांचा विमानप्रवास आहे आणि तो टाळता येणार नाही. त्रासाचा क्रम ठरलेला आहे. दार बंद झालं की धडधड. टेकऑफनंतर इंजिनाचा आवाज अचानक पडतो तेव्हा पोटात गोळा. हादरे बसायला लागले की बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही असं वाटतं. हृदयाच्या तपासण्या झाल्यात, सगळं ठीक आहे.

१. क्रूला हे सांगावं का? सांगायचं तर कधी आणि कोणत्या शब्दांत? विमानातून उतरवतील का, अशीही धास्ती आहे.
२. आवाज पडतो तो का?
३. हादरे सुरू झाल्यावर काय करायचं?

"विमान सर्वांत सुरक्षित असतं, घाबरू नका" हे सोडून काहीही सांगा. ते पाठ आहे.

---

गॅलीतली

सांगावंच. आणि दारातच सांगावं, विमानात चढताना, दहा सेकंदांत. दारात उभी असलेली व्यक्ती त्या वेळी प्रत्येक चेहरा वाचतच असते. आजारी कोण, प्यायलेलं कोण, घाबरलेलं कोण, हे टिपणं तिच्या कामाचा भाग आहे. तुम्ही आपणहून सांगितलंत तर तिचं काम सोपं होतं, ओझं अजिबात होत नाही.

वाक्य असं ठेवा: "मला विमानाची भीती वाटते. हादऱ्यांत पॅनिक अटॅक येऊ शकतो, तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. हृदयाचा आजार नाही. माझी सीट १४सी. जमलं तर अधूनमधून एक नजर टाकाल का?" यात चार गोष्टी आल्या: काय होतं, किती वेळ टिकतं, काय नाही, आणि तुम्हाला काय हवंय. चौथी बहुतेक लोक सांगतच नाहीत. मग क्रू बिचारा अंदाजाने पाणी आणून देतो, आणि तुम्हाला हवं असतं ते दोन मिनिटांचं बोलणं.

घोळ होतो तो "मला श्वास घेता येत नाहीये" या वाक्याने. ते ऐकलं की क्रूला वैद्यकीय पद्धतीनेच पुढे जावं लागतं: ऑक्सिजन, प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का याची घोषणा, कॅप्टनला कळवणं. विमान अजून गेटवर असेल तर "प्रवासाला योग्य आहे का" हा प्रश्नही उठतो. उतरवण्याची जी धास्ती तुम्हाला आहे, ती अशा अर्धवट माहितीतून खरी ठरण्याची शक्यता जास्त. "भीती वाटते" एवढ्यावरून सहसा कोणी कोणाला उतरवत नाही. मात्र छातीत नेहमीपेक्षा वेगळं दुखायला लागलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर "पॅनिकच असेल" म्हणून दाबून ठेवू नका. जसं होतंय तसं सांगा.

आता वेळ. बोर्डिंगच्या मध्यावर क्रू बॅगांच्या लढाईत असतो. दारं बंद होताना ते दारांच्या कामात असतात, आणि टेकऑफ व लँडिंगच्या वेळी आपल्या सीटवर पट्टे लावून बसलेले असतात, तिथून उठू शकत नाहीत. तेव्हा कोणी आलं नाही तर ते दुर्लक्ष समजू नका. बोलायला खरा मोकळा वेळ दोनदा मिळतो: चढताना दारात, आणि जेवणखाणाच्या ट्रॉल्या आवरल्यावर. मधे काही वाटलं तर डोक्यावरचं बटण दाबा. ते त्यासाठीच आहे, लाजू नका.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा: "आज हादरे कुठे अपेक्षित आहेत?" उड्डाणाआधी कॅप्टन क्रूला प्रवासाचा वेळ आणि हादऱ्यांचा अंदाज सांगतात, कारण ट्रॉली कधी काढायची हे त्यावर ठरतं. "निघाल्यावर तासाभराने, साधारण दहा मिनिटं" असं उत्तर मिळालं की ते हादरे तुमच्यासाठी वेळापत्रकातले होतात. अंदाज चुकूही शकतो, तरी काहीच माहीत नसण्यापेक्षा बरा.

क्रूच्या चेहऱ्यावरून परिस्थिती ओळखायचा नाद सोडा. गंभीर चेहऱ्याने चालणारी व्यक्ती बहुधा संपलेला टोमॅटो ज्यूस शोधत असते. हादऱ्यांत क्रूला खाली बसवतात ते विमानाला धोका म्हणून नव्हे. त्या वेळी बिनपट्ट्याचे उभे असणारे तेवढेच असतात, आणि हातात जड ट्रॉली असते, म्हणून.

क्रूला जमत नाही ते असं: टेकऑफमध्ये शेजारी बसून हात धरणं, आणि तुम्हाला शांत करणारं औषध देणं. जागा रिकामी असेल तर सीट बदलून मिळू शकते, पण तेही सगळे चढून झाल्यावरच विचारा.

---

तिसरा_पाना

आवाजांचं मी सांगतो, क्रमाने. विमानं वेगवेगळी असतात, तेव्हा उन्नीस-बीस धरा.

गेटवर दिवे क्षणभर लुकलुकतात: वीज जमिनीवरच्या जोडणीवरून विमानाच्या स्वतःच्या छोट्या जनरेटरवर जाते. इंजिन सुरू करताना बऱ्याच विमानांत एसीची हवा मिनिट-दोन मिनिटं मंदावते, कारण तीच दाबाची हवा इंजिन फिरवायला वापरली जाते. दार बंद झाल्यावर "हवा कमी पडतेय" असं वाटण्यामागे हे असू शकतं. दमट हवेत वरच्या फटींतून पांढरा धूर येतो, ते धुकं असतं. एअरबस ए३२० च्या जातीत जमिनीवर असताना पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा किंवा करवत चालवल्यासारखा आवाज येतो. दोन हायड्रॉलिक यंत्रणांमध्ये दाब सारखा करणारा तो पंप आहे.

धावपट्टीवर ठक-ठक-ठक: पुढचं चाक मधल्या रेषेतल्या दिव्यांवरून जातंय. जमीन सुटल्यावर काही सेकंदांत जाड धप्प: चाकं आत गेली.

आणि आता तुमचा पोटातला गोळा. जमिनीपासून साधारण १,००० ते १,५०० फुटांवर इंजिनाची ताकद टेकऑफच्या पातळीवरून चढणीच्या पातळीवर आणतात. पूर्ण ताकद तिथून पुढे लागत नाही आणि इंजिनाचं आयुष्यही वाचतं. त्याच सुमारास वेग वाढवायला नाक थोडं खाली घेतात आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) आत जायला लागतात, म्हणून घरघर ऐकू येते. तुमच्या आतल्या कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. चढण कमी झाली की तो मेंदूला कळवतो "पडतोय". प्रत्यक्षात विमान चढतच असतं. समोर नकाशाचा पडदा असेल तर उंचीचा आकडा बघत राहा, तो वाढत असतो. नसेल तर जमीन सुटल्यापासून मनात आकडे मोजा. हा बदल साधारण पहिल्या मिनिटाच्या आत-बाहेर येतो. त्याची वाट पाहत बसलात की दचकणं बरंच कमी होतं.

उतरताना इंजिनं जवळजवळ गप्प होतात, ते मुद्दाम. पंखावरच्या झडपा उचलल्या की थरथर होते. चाकं बाहेर आली की धप्प आणि वाऱ्याचा मोठा घोंगाट. टेकल्यावर जी गर्जना होते ती उलट्या दिशेने ढकलणाऱ्या हवेची. कधी टेकायच्या बेतात असताना इंजिन कडाडतं आणि विमान पुन्हा वर जातं. पुढे पट्टी मोकळी नसणं, वारा बदलणं अशी कारणं असतात, आणि याचा सराव वैमानिक नेहमी करतात. त्यांचे हात तेव्हा कामात असल्याने घोषणा उशिरा होते. ती शांतता वाईट बातमीची नसते.

---

उगाच_एक_प्रश्न

मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाचं काय मग? हादऱ्यांत काही होत नाही म्हणता.

---

तिसरा_पाना

"काही होत नाही" असं मी म्हटलेलं नाही, पण प्रश्न रास्त आहे. त्या घटनेच्या प्राथमिक तपासात विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली गेल्याचं नोंदलंय. पट्टा न लावलेली माणसं छताला आपटली, अनेक जण जखमी झाले, आणि एका प्रवाशाचा मृत्यूही झाला. विमान मात्र उडत राहिलं आणि बँकॉकला उतरलं. मोठ्या प्रवासी विमानाचा सांगाडा वजनाच्या २.५ पट भार सोसेल असा बनवावा लागतो, आणि त्याच्याही दीडपट भारापर्यंत तो मोडता कामा नये. नेहमीच्या मध्यम हादऱ्यांत तुमच्या वजनात पडणारा फरक एक पटीच्याही आतला असतो.

म्हणजे मोडतं ते विमान नव्हे, न बांधलेलं माणूस. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर, खाली आणि घट्ट. दिवा विझला तरी बसलेलं असताना लावलेलाच ठेवा. सैल पट्ट्यात प्रत्येक गचक्याला शरीर सीटपासून सुटतं आणि गचका आहे त्याहून मोठा वाटतो. पट्टा आवळून बघा, भीतीतला काही भाग तिथेच कमी होतो.

---

ढवळाढवळ

एवढं पुराण कशाला? झोपेची गोळी आणि वर एक पेग. विषय संपला.

---

मनोगती

विषय तिथे संपत नाही, वाढतो. झोपेची किंवा चिंतेची गोळी आणि दारू यांचा एकत्र परिणाम श्वास मंदावण्यापर्यंत जाऊ शकतो. गाढ झोपेत तासन्‌तास पाय न हलणं बरं नाही, आणि तातडीने बाहेर पडायची वेळ आली तर झिंगलेलं माणूस स्वतःसाठी आणि शेजाऱ्यासाठी अडचण. दुसरा मुद्दा कमी लोकांना ठाऊक असतो. १९९७ मध्ये विल्हेल्म आणि रॉथ यांनी विमानाची भीती असलेल्यांवर अल्प्राझोलाम या चिंतेच्या गोळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळी घेऊन केलेल्या पहिल्या प्रवासात चिंता कमी झाली, पण आठवड्याने गोळीविना केलेल्या प्रवासात हाच गट खोटी गोळी घेतलेल्यांपेक्षा जास्त घाबरला. धोका टळला तो गोळीमुळे, असंच मन शिकतं. तरीही डॉक्टरांनी औषध दिलंच तर पहिली गोळी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. विमानात प्रयोग नको.

आता मुंग्या. त्या घाईच्या श्वासामुळे येतात. भीतीने श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे बोटं बधिर होतात, डोकं हलकं होतं आणि गंमत म्हणजे "श्वास पुरत नाही" असं वाटतं. माणूस मग मोठमोठे श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो. "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला इथे फसतो. तुम्हाला श्वास *सोडायचा* आहे. नाकाने ४ आकडे आत, ओठ चंबूसारखे करून ६ आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पोट हलायला हवं, खांदे नाहीत. पहिली दोन मिनिटं काहीच फरक पडत नाही. लोक तिथेच सोडून देतात. पाच मिनिटं धरा.

हे विमानात शिकायचं नाही. आजपासून रोज १० मिनिटं घरी करा. तीन आठवडे आहेत, पुरेत. सोबत टेकऑफ आणि हादऱ्यांचे केबिनमधले आवाज हेडफोनवर लावा, आधी हळू, मग मोठ्याने. धडधड वाढली की आवाज बंद करू नका, ओसरेपर्यंत ऐका. घाबरून बंद केलंत तर सुटका बंद करण्यातच आहे एवढंच पक्कं होतं. एकच तुकडा कंटाळा येईपर्यंत ऐकायचा. कंटाळा आला की काम झालं समजा.

हादऱ्यांत आपण सीटचे हात गच्च धरतो, पाय जमिनीत रोवतो. ताठ शरीराला प्रत्येक धक्का पूर्ण लागतो. उलट करा: मुठी ५ सेकंद आवळा, १५ सेकंद सैल सोडा, मग खांदे, मग मांड्या. नंतर सीटवर सैल बसा, गाडीत खड्ड्यांतून जाताना बसतो तसं. अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास किंवा बाटली समोर ठेवून पाहा. तुम्हाला शंभर फूट पडल्यासारखं वाटत असतं तेव्हा पाणी जेमतेम हिंदकळत असतं. त्या दिवशी चहा-कॉफी टाळा, ती धडधड आयतीच वाढवते. उपाशीही जाऊ नका.

---

पाय_जमिनीवर

सगळ्यांचे आभार. वहीत उतरवून घेतलं. दोन शंका राहिल्या: सीट कुठली घ्यावी? आणि विमानात बसल्यावर वाटलंच की आता नाही जमणार, तर?

---

तिसरा_पाना

पंखाजवळची. विमानाचा समतोल तिथे असतो, म्हणून हालचाल कमी. शेपटीकडे सगळ्यात जास्त. जमलं तर सकाळचं विमान घ्या, जमीन तापून उठणारे हवेचे झोत तेव्हा कमी असतात.

---

गॅलीतली

कोंडल्यासारखं होत असेल तर रस्त्याकडेची सीट घ्या. पाय मोकळे होतात, उठता येतं. पण आपत्कालीन दरवाज्याची रांग पाय पसरायला मिळतात म्हणून घेऊ नका. तिथे बसणाऱ्याला गरज पडल्यास दरवाजा उघडावा लागतो, आणि क्रू तुम्हाला तिथून उठवेल.

उतरायचं असेल तर दारं बंद होण्याआधी सांगा. त्यानंतर विमान गेटवर परत आणणं, तुमची बॅग शोधून काढणं, सगळ्यांचा उशीर, असं सगळं लचांड होतं. त्यामुळे निर्णयाची वेळ आधीच ठरवा: जागेवर बसल्यावर श्वासाची पाच मिनिटं, मग एकदाच "जायचं की नाही". जायचं ठरलं की तो प्रश्न पुन्हा उघडायचा नाही. दार बंद होताना भीती वाढते तिचं एक कारण असं की मन तोपर्यंत दाराशीच घासाघीस करत असतं.

तिकिटाच्या नोंदीत मदतीची गरज आधी कळवता येते. बऱ्याच विमानतळांवर सूर्यफुलाच्या चित्राचा हिरवा पट्टाही गळ्यात घालायला मिळतो. न दिसणाऱ्या अडचणींसाठीची ती खूण २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. मात्र नोंद दारातल्या क्रूपर्यंत पोहोचेलच असं धरून चालू नका, तोंडाने सांगाच.

आणि तोंडून शब्दच फुटला नाही तर? वर लिहिलेली चार वाक्यं सीट क्रमांकासकट एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि बोर्डिंग पाससोबत तेच पुढे करा. कागदावरच लिहा. हात थरथरत असले की फोन उघडत नाही, आणि मागे रांग लागलेली असते.