माजघरातला अंधार आणि आरसा: नेमका कोठे लावावा? (कोल्हापूर, जुने घर)

माजघरकर:
नमस्कार. आमचे घर मंगळवार पेठेतील एका बोळात असून ते सुमारे ११ फूट रुंद आणि ४० फूट लांब आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला, परडे पूर्वेला आणि दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्याने उजेड येतो तो केवळ सोप्याच्या, म्हणजे दर्शनी खोलीच्या, खिडकीतून आणि परड्याच्या दारातून. मधल्या माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. सजावटीचे काम करणाऱ्या गृहस्थांनी असे सुचवले आहे की सोप्याच्या दारासमोर येणारी माजघराची पूर्वेकडील भिंत, स्वयंपाकघराचे दार सोडून, पूर्णपणे आरशाने मढवावी. खोली दुप्पट दिसेल आणि उजळेल, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाईंचा आग्रह असा की आरसा उत्तर किंवा पूर्व भिंतीवरच असावा. भिंती जुन्या, विटा-मातीच्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांना खालून ओल येते. याशिवाय आजेसासऱ्यांच्या वेळचा, सागवानी चौकटीचा एक बेल्जियम आरसा घरात आहे, पण त्याचा मुलामा कडेने काळवंडला आहे. ज्यांनी पेठेतल्या घरात असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गंगावेसकर:
ताई, पूर्ण भिंत मढवण्याचा विचार माझ्या मते सोडून द्यावा. आरसा स्वतःचा उजेड निर्माण करत नाही. त्याच्यासमोर जे असेल तेच तो पुढे धाडतो, म्हणून मापाच्या आधी त्याला काय दिसणार आहे हे ठरवणे महत्त्वाचे आहे. सोप्याच्या दारासमोर आरसा लावला तर त्याला सोपा, खिडकी आणि खिडकीपलीकडचा बोळ दिसेल, म्हणजे जेवायला बसल्यावर तुम्हाला रस्त्यावरच्या दुचाक्या दिसत राहतील. ज्या वाटेने रस्ता तुम्हाला दिसतो त्याच वाटेने रस्त्यावरच्या माणसाला तुमचे माजघरही दिसते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

दुसरी अडचण मावळतीच्या उन्हाची. अंबाबाईच्या किरणोत्सवामुळे आपल्याला हे ठाऊकच आहे की सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारी संपता संपता किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोहोचतात, एरवी नाही. कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा नेमक्या पश्चिमेपासून दोन्हीकडे साधारण २४ अंशांपर्यंत सरकते. तुमचा बोळ अरुंद असल्याने समोरच्या घरांची सावली बरेच काम करील, तरीही आज निर्धोक वाटणारा आरसा आणखी काही महिन्यांनी संध्याकाळी थेट डोळ्यांवर ऊन फेकू शकतो.

माझी शिफारस अशी की आरसा उत्तरेच्या भिंतीवर, सोप्याच्या दारापासून दोन ते चार फुटांच्या पट्ट्यात, उभा लावावा आणि बसण्याची जागा दक्षिणेच्या भिंतीलगत ठेवावी. दार भिंतीच्या साधारण मध्यावर असेल, तर दक्षिणेला बसलेल्या माणसाला त्या आरशात दारातून सोप्याची दक्षिण भिंत तिरपी दिसते, रस्ता दिसत नाही. ती भिंत खिडकीच्या उजेडाने उजळलेली असतेच, त्यामुळे माजघराला जणू एक जादा खिडकी मिळते. सासूबाईंचीही उत्तर दिशा सांभाळली जाते, तेव्हा वास्तूवर वाद घालण्याचे कारणच उरत नाही.

रंकाळा पश्चिम:
वरील मताशी सहमत आहे, परंतु आरशाआधी चुना किंवा रंग पाहावा. आरसा उजेड एकाच दिशेने परतवतो, तर बिनचमकीचा पांढरा रंग तो खोलीभर पसरवतो, त्यामुळे आढे, छत आणि सोप्याची ती दक्षिण भिंत पांढरी केल्याशिवाय आरशाकडून फार अपेक्षा ठेवू नये. माजघरावर माडी नसून थेट कौले असतील, तर दोन-तीन काचेची कौले बसवून घ्यावीत. कोणत्याही आरशापेक्षा त्यांचा उजेड अधिक मिळेल.

काचकाम:
या व्यवसायात असल्याने भिंत आणि काच यांविषयी लिहितो. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो धरावे. ५ मिलिमीटर जाडीचा ४ फूट बाय ६ फूट आरसा म्हणजे सुमारे २८ किलो भार होतो, आणि मातीत बांधलेल्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकून लावलेल्या स्क्रूवर हा भार कधीही सोपवू नये. भिंतीवर सागवानी पट्ट्या अनेक ठिकाणी लांब स्क्रूंनी बसवाव्यात, त्यांवर मरीन प्लाय (ओल सहन करणारा प्लायवूड) घ्यावा आणि आरशाची खालची कड अॅल्युमिनियमच्या पट्टीत टेकवावी, जेणेकरून वजन खालून पेलले जाईल आणि वरच्या क्लिपा केवळ आरसा पुढे झुकू देणार नाहीत. प्लाय आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळेल इतकी फट राहिलीच पाहिजे.

मुलामा काळा पडतो तो बहुधा कडेकडून. काचेच्या पाठीवर चांदीचा अत्यंत पातळ थर असतो आणि त्यावर संरक्षक रंग असतो. कापलेल्या कडेला हा थर उघडा राहतो आणि कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तेथूनच ओल आत शिरते. म्हणून कडा घासून, पॉलिश करून घ्याव्यात आणि त्यांवर कडेसाठीचे लुकण लावून घ्यावे. चिकटवण्यासाठी सिलिकॉन वापरणार असाल तर ते न्यूट्रल प्रकारचेच असावे. सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडणारे सिलिकॉन स्वस्त मिळते, पण त्यातील आम्ल मुलामा खाते आणि काही काळाने पुढून डाग दिसू लागतात. पुसतानाही फवारा काचेवर न मारता फडक्यावर मारावा, अन्यथा ओघळ खालच्या कडेत जाऊन साचतो.

घरात लहान मुले असतील तर पाठीवर सुरक्षा फिल्म लावून मागावी. काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात. दुकानात आरसा निवडताना त्यात दाराची चौकट किंवा नळीदिव्यासारखी सरळ रेषा तिरप्या कोनातून पाहावी आणि डोके हळूहळू हलवावे. रेषा लाटेसारखी हलली तर ती काच घेऊ नये.

माजघरकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. माजघरावर माडी असल्याने काचेच्या कौलांचा पर्याय आम्हाला नाही, परंतु रंगाचे काम आधी करण्याचे ठरले आहे. दोन शंका उरल्या आहेत. याच आरशात साडीच्या निऱ्या पायापर्यंत दिसाव्यात अशी इच्छा आहे, तर त्याची उंची किती असावी? माझी उंची ५ फूट ६ इंच आणि सासूबाईंची ५ फूट आहे. आणि जुन्या बेल्जियम आरशाला नवा मुलामा देऊन घ्यावा का?

गंगावेसकर:
भिंतीला समांतर, सरळ उभ्या आरशात आपले पूर्ण रूप दिसण्यासाठी आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, आणि मागे सरकल्याने यात काहीही फरक पडत नाही. वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मध्यावर, तर खालची कड जमिनीपासून डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर हवी. तुमच्यासाठी ती सुमारे ५ फूट ४ इंच ते २ फूट ७ इंच येते आणि सासूबाईंसाठी खालची कड २ फूट ४ इंचांपर्यंत न्यावी लागेल. म्हणजे जमिनीपासून २ फूट ४ इंचांवर सुरू होणारा ३ फूट उंचीचा आरसा दोघींनाही पुरेल, आणि भिंतीच्या खालच्या ओलसर भागापासून तो आपोआप दूर राहील. मागवण्यापूर्वी त्याच मापाचा पुठ्ठा भिंतीवर लावून त्याच्या मध्यावर हातातला छोटा आरसा सपाट धरावा आणि सकाळी, दुपारी व पाचच्या सुमारास दक्षिणेकडे बसून पाहावे.

काचकाम:
जुन्या आरशाच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगावी. काचेवर चांदीचा मुलामा देण्याची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. त्याआधी कथिल आणि पारा यांच्या मिश्रणाने आरसे बनत, आणि पुढेही बरीच वर्षे ही जुनी पद्धत चालू होती. तुमचा आरसा कोणत्या प्रकारचा आहे हे नुसत्या छायाचित्रावरून सांगता येणार नाही आणि पारा विषारी असतो, म्हणून त्याची पाठ घरी खरवडू नये किंवा घासू नये. नवा मुलामा दिला की जुन्या काचेची ती किंचित मंद, धुरकट झाक निघून जाते, आणि माझ्या दृष्टीने त्या आरशाची खरी किंमत तीच आहे. चौकट तशीच ठेवून तो जिन्याजवळच्या किंवा माडीवरच्या कोरड्या भिंतीवर लावावा. त्याच्याकडून उजेडाची अपेक्षा ठेवू नये. नव्या आरशाची मागणी मात्र भिंत पुरती सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतरच नोंदवावी. गणपतीच्या आधी काम उरकण्याची घाई आमच्याकडचे बहुतेक ग्राहक करतात आणि नेमकी तेव्हाच भिंत सर्वांत जास्त ओली असते.