१० की २० नोव्हेंबर? दोन्ही

अफझलखान वधाची तारीख एका मुलाखतीत १० नोव्हेंबर १६५९ आणि दुसरीत २० नोव्हेंबर आली, म्हणून दोघांपैकी एक इतिहासकार चुकला, असं एकाने म्हटलंय. कोणीच चुकलेलं नाही. पहिली तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची; दुसरी ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो त्या कॅलेंडरची. मूळ नोंद आहे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक पडतो. वार मात्र बदलत नाही, त्यामुळे पडताळा वारानेच घ्यावा.

खरा घोळ होतो तो परकीय कागद शेजारी ठेवल्यावर. गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगोरियन वापरत, सुरतेचे इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी १६६४ ची सुरतेची लूट त्यांच्या हिशेबाने १६६३ मधलीच! नवख्या अभ्यासकाची इथे सरळ वर्षभराची चूक होते. इंग्रजी पत्र १ जानेवारी ते २४ मार्च या काळातलं असेल तर आधी सालात १ मिळवा, ग्रेगोरियन तारीख हवी असेल तर मग १० दिवस (मार्च १७०० पासून ११). मुलाखत देणारे बहुधा हे गृहीत धरून बोलतात, आणि ऐकणारा गोंधळतो.