आजीची स्मरणपुस्तिका करायची आहे: मजकूर, फोटो, छपाई

पाचपाखाडी_७ (प्रश्न)
आजीचं वर्षश्राद्ध फेब्रुवारीअखेर आहे. येणाऱ्या शंभरेक नातेवाइकांना द्यायला छोटी पुस्तिका करायची आहे. आजीने ठाण्याला नौपाड्याच्या चाळीत पोळीभाजीचे डबे करून चार मुलं शिकवली, नंतर नातवंडंही सांभाळली. घरातल्यांनी लिहून दिलंय, पण सगळ्यांच्या मजकुरात ‘कष्टाळू, प्रेमळ, श्रद्धाळू’ एवढंच आहे. मजकुरात काय घ्यावं? फोटो आणि छपाईचं काय? जन्मतारखेचाही घोळ आहे: आधार कार्डावर १ जून, पत्रिकेत शके १८६५, माघ.

मुद्रितशोधक
विशेषणं काढा, त्या जागी काम लिहा. नळाला पाणी कितीला यायचं, कणीक किती भिजायची, जांभळी नाक्यावरून भाजी कोण आणायचं, डबे कितीला निघायचे, पैसे महिन्याला मिळायचे की आठवड्याला, कोणाकडे थकायचे. आकडा कळला की हिशेब मांडा. किलोभर कणकेच्या मध्यम पोळ्या साधारण ४० होतात. रोज २०० पोळ्या असतील तर ५ किलो पीठ, आणि एका पोळीला दीड मिनिट धरलं तरी पाच तास पोळपाटासमोर. हे वाचल्यावर ‘कष्टाळू’ लिहावं लागत नाही. श्रद्धेचंही तसंच. उपास कोणते, पोथी केव्हा वाचायची, कौपिनेश्वराच्या देवळात कोणत्या वारी जायची, आणि डब्यांच्या धबडग्यात हे कुठे बसवायची, ते लिहा.

‘आई कशी होती?’ असं विचारलं की पुन्हा विशेषणंच हाती येतात. ‘उठल्यावर पहिलं काय करायची?’, ‘तिची जेवायची वेळ कोणती?’ असं विचारा. हातात जुना फोटो दिला की माणसं मोकळी बोलतात. लेकी-सुनांना वेगवेगळं गाठा. एकत्र बसल्या की थोरली बोलते आणि बाकीच्या तिच्या होला हो करतात. चाळीतल्या शेजारणींना मात्र नक्की भेटा, घरच्यांना नेहमीचं म्हणून न दिसलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फोन विमान मोडवर. पाऊण तासानंतर वयस्क माणसं थकतात, तिथे थांबा.

पाककृती घेणार असाल तर आजीची नेहमीची वाटी शोधा आणि पाणी भरून किती मिलीची आहे ते मोजा. ‘दोन वाट्या’ हे माप वाटीच माहीत नसेल तर निरुपयोगी आहे.

तारखेबद्दल: १ जून ही त्या पिढीत बहुतेकदा शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते. पत्रिकेवर विश्वास ठेवा. इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणजे तुमचा माघ १९४४ सालचा. तिथी आणि पक्ष दिला असेल तर त्या वर्षीच्या पंचांगातून नेमकी तारीख निघेल. माहेरचं नाव, आडनाव आणि गावही छापा, पुढच्या पिढीला तेच सापडत नाही.

ऐरोली_फोटोवाला
चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, वरचा थर पानालाच राहतो. आधी आहे तसा पानासकट स्कॅन करा. मग मेण न लावलेला दातांचा फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करायचा.

पासपोर्ट आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारीक घ्यायचा त्याचं माप) घेतला तर छपाईत ७ × ९ सेंमीपर्यंत चांगला येतो. मुखपृष्ठावर मोठा हवा असेल तर १२०० वर घ्या. दाणेदार कागदावरच्या जुन्या रंगीत फोटोंवर स्कॅनरचा प्रकाश पडून जाळी उमटते. ते खिडकीजवळच्या मऊ उजेडात, कॅमेरा अगदी सरळ धरून टिपलेले बरे. नातेवाइकांकडून फोटो मागवाल तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते आकसून येतात. मोबाइलवरच्या ‘चेहरा सुधारा’ ॲपच्या वाटेला जाऊ नका. सुरकुत्यांबरोबर आजीही जाते.

घोडबंदर_डीटीपी
ए-५ आकार, मधून पिन मारलेली बांधणी. पानं ४ च्या पटीतच लागतात. २४ पानं घ्या. १४ पॉइंटाच्या अक्षरात पानाला सुमारे २०० शब्द बसतात, तेव्हा दहा पानं फोटोंना दिलीत तर मजकूर २८०० शब्दांत आटोपावा लागेल. शंभर प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. आत १३० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट पेपर, कव्हर ३०० चं. चकचकीत कागदावर दिव्याखाली वयस्कांना वाचायला त्रास होतो, मॅट मागा.

चुका जास्त होतात त्या टाइपांतराच्या वेळी. युनिकोडचा मजकूर दुकानात जुन्या फॉन्टात बदलला की ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘ॲल्युमिनियम’ असे शब्द तुटतात. त्यामुळे प्रूफ (तपासायची प्रत) फॉन्ट बदलल्यानंतरचं आणि कागदावर मागा. नावं वेगळी तपासा, नातवंडांपैकी एकाचं जरी राहिलं तरी ते वर्षानुवर्षं निघतं.

दिवस तिथीने धरणार ना? तिथी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते, मधे अधिक मास पडला तर १८-१९ दिवस पुढे जाते. गुरुजींकडून दिवस पक्का झाल्याशिवाय कव्हरवर तारीख टाकू नका.